खोडात दडलेले लोखंड आणि करवतीची साखळी

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वादळात इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीतला जुना कडुनिंब मुळासकट उन्मळून पडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. विजेची एक तार तेवढी तुटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोडाचे तुकडे करून रस्ता मोकळा करण्यासाठी एका ठेकेदाराची माणसे साखळी करवत घेऊन आली. त्या सकाळी जे घडले ते आपल्या वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. एक तर त्यात माझ्या स्वतःच्या घराचा दोष आहे. दुसरे म्हणजे, छावणी भागात माझे यंत्रदुरुस्तीचे आणि धार लावण्याचे छोटे दुकान गेली बावीस वर्षे चालू असल्यामुळे मला पक्के ठाऊक आहे की असे प्रकार आपल्या शहरात वरचेवर घडतात आणि त्यांची बातमी कधीच होत नाही.

करवत चालवणारा मुलगा फार तर पंचविशीचा असेल. पायात साधी चप्पल, डोक्याला गमछा गुंडाळलेला, डोळ्यांवर चष्मा नाही. परंतु हात मात्र सराईत होता. फांद्या त्याने तासाभरात उतरवल्या. लाकडाच्या जाड, लांबट ढलप्या त्याच्या पायाशी पडत होत्या आणि साखळीला धार चांगली असल्याची ती खूण पाहून मी समाधानाने बघत उभा होतो. मग तो बुंध्याकडे वळला आणि मुळांपासून साधारण साडेपाच फुटांवर त्याने करवतीची पट्टी, म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ते लांबट पाते, टेकवली. निम्मे खोड लोण्यासारखे कापले गेले आणि एकाएकी आवाज फाटला. कापाच्या फटीतून ठिणग्यांचा झोत आला, करवत त्याच्या हातात उसळली आणि त्याने खटका सोडला. क्षणभर सगळे स्तब्ध झाले. मग तो मागे वळून मला म्हणाला, "काका, अंदर लोहा है."

कुऱ्हाड आणि छन्नी घेऊन आम्ही तेवढा भाग फोडला. सालीपासून चांगले चार इंच आत, एकसंध दिसणाऱ्या लाकडात, बोटाएवढ्या जाडीची लोखंडी कडी रुतलेली होती आणि तिच्याभोवतीचे लाकूड दौत सांडल्यासारखे निळेकाळे झाले होते. ती कडी मी ओळखली. १९७४ साली, मी पाचवीत असताना, वडिलांनी ती कपडे वाळवायच्या दोरीसाठी याच झाडात ठोकली होती, आणि हातोडा आणून देणारा मीच होतो. पुढे आम्ही गच्चीवर कपडे घालू लागलो, दोरी गेली, कडी विसरली गेली, वडीलही गेले. झाडाने मात्र ती कडी पन्नास वर्षे पोटात ठेवली.

तेवढ्यात मुकादम आला. त्याने साखळी पाहिली आणि पहिले वाक्य उच्चारले ते हे, की चेनीचे पैसे मुलाच्या मजुरीतून कापले जातील. कडी आमच्या घरची असल्याचे मी त्याला सांगितले आणि साखळीची किंमत दिली. त्या मुलाच्या नशिबाने कडी ठोकणाऱ्या घरातला माणूस त्या दिवशी समोर उभा होता. एरवी तो नसतो. ज्याने खिळा मारला तो कधीच निघून गेलेला असतो, आणि ज्याला खिळ्याची काही कल्पना नाही त्याच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीवर ती भरपाई येऊन पडते. हा शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो आणि या पत्रामागचे मुख्य कारण तोच आहे.

एका खिळ्याने एवढे काय बिघडते, असे अनेकांना वाटेल. म्हणून साखळीची रचना थोडी सविस्तर सांगतो. आज जगभर वापरली जाणारी दातेरी साखळी जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याच्या निरीक्षणातून आली. १९४६ साली एका जुन्या बुडख्यात त्याला भुंग्याची अळी दिसली. ती आपल्या जबड्याने लाकूड डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे कुरतडत पुढे सरकत होती, आणि त्यावरूनच त्याला आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली साखळी सुचली. म्हणजे हा दात मुळात लाकूड खाण्यासाठी घडवलेला आहे. त्याच्या वरच्या आणि बाजूच्या पृष्ठावर कठीण क्रोमचा अगदी पातळ थर असतो आणि धार टिकते ती त्या थराच्या काठामुळे. आतले पोलाद मुद्दाम थोडे मऊ ठेवतात, कारण तसे नसते तर हातकानशीने धार लावताच आली नसती. लोखंड लागले की पहिला बळी जातो तो या क्रोमच्या काठाचा. तो टवका उडून जातो आणि दाताची कड गोल होते.

आता वेगाचा विचार करावा. अठरा इंची पट्टीवर चढणाऱ्या एका नेहमीच्या साखळीत ७२ ड्राइव्ह लिंक, म्हणजे पट्टीच्या खाचेत चालणारे दुवे, आणि ३६ कापणारे दात असतात, अठरा डावे आणि अठरा उजवे. पूर्ण वेगात ही साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धावते, आणि तिचा घेर जेमतेम सव्वा मीटरच्या आत असल्यामुळे ती एका सेकंदात पट्टीभोवती सोळा-सतरा फेऱ्या मारते. याचा अर्थ असा, की एका सेकंदात सहाशेच्या आसपास दात एकाच जागेवरून जातात. माणसाने कितीही चपळाईने बोट उचलले तरी तेवढ्या अर्ध्या सेकंदात प्रत्येक दात त्या खिळ्यावर सात-आठ वेळा आपटून गेलेला असतो. म्हणूनच 'वेळेवर थांबला असता तर साखळी वाचली असती' हा मुकादमांचा नेहमीचा आक्षेप मला मान्य नाही. लोखंड लागल्यावर थांबून साखळी वाचवणे कोणालाच शक्य नसते. ती वाचते फक्त आधी माहिती असेल तर.

अशी साखळी माझ्याकडे आली की मी प्रथम ती रॉकेलमध्ये धुतो, उजेडात धरतो आणि एकेक दात नखाने चाचपतो. धारेच्या काठावर उजेडाची बारीक पांढरी रेघ चमकली तर ती बोथट झालेली जागा समजावी, कारण खऱ्या धारेवर उजेड परावर्तित होत नाही. क्रोमचा जेवढा टवका उडाला असेल त्याच्या मागपर्यंत दात कानसून न्यावा लागतो; अर्धवट कानसले तर धार लागल्यासारखी दिसते आणि दोन फांद्या कापून होताच मरते. त्यातही सर्वांत जास्त मार बसलेला दात जेवढा आखूड होतो तेवढेच बाकीचे सगळे दात, ते धडधाकट असले तरी, आखूड करावे लागतात, नाहीतर साखळी धक्के देत चालते. खिळा कापाच्या एका काठाला लागला तर केवळ डाव्या किंवा केवळ उजव्या दातांचा नाश होतो आणि मग करवत सरळ कापतच नाही, एका अंगाला ओढत जाते. दात आखूड झाले की त्यांच्यापुढचे कापाची खोली ठरवणारे ठोकळेही सपाट कानशीने उतरवावे लागतात. दाताच्या टोकापासून तो ठोकळा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. जास्त खाली गेला तर करवत हावऱ्यासारखी लाकडात घुसते आणि हाताला झटका देते. दातावर एक तिरपी रेघ कोरलेली असते. तिच्यापलीकडे कानसायचे नाही, साखळी बाद करायची. नेहमीच्या कामात दहा वेळा धार लावून पुरली असती अशी साखळी एका कडीमुळे एका दिवसात त्या रेघेशी येऊन पोहोचलेली मी अनेकदा पाहिली आहे.

काही जण घाईने ही साखळी विजेच्या सहाणेवर धरतात. दात तापून निळे पडतात आणि वाऱ्याने गार होताना इतके कडक होतात की पुढच्या वेळी कानस त्यावरून नुसती घसरते. सियागंजच्या बाजारातून आणलेली नवी गोल कानस अशा निळ्या दातांवर एका दिवसात गुळगुळीत झाल्याचा अनुभव मला आहे. माझी सर्व कारागीर बंधूंना विनंती आहे की यंत्रावर घासायचेच असेल तर दगड हलका टेकवून, थांबून थांबून घासावे.

खर्चापेक्षाही गंभीर गोष्ट इजेची आहे. बोथट साखळी ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा टाकते आणि धूर काढते. मग चालवणारा तिला आपल्या अंगाच्या भाराने दाबू लागतो, आणि दाबलेली करवत निसटली की पहिला मांडीचाच वेध घेते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कठीण वस्तूला लागला तर अख्खी पट्टी क्षणार्धात उलटून तोंडाकडे येते. आत लोखंड किंवा दगड असेल तर हा धोका अचानक उभा राहतो. कधी दात तुटून उडतो, कधी दुवे जोडणारा रिव्हेट सैल होऊन साखळीच तुटते. तुटलेल्या साखळीला अडवणारा आकडा प्रत्येक यंत्राच्या पोटाशी बसवलेला असतो. परंतु दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांचा हा आकडा आधीच मोडलेला असतो आणि तो नवा घालण्याचा थोडासा खर्च मालकाला जड वाटतो. या बाबतीत मी आता आग्रही झालो आहे. आकडा नसलेले यंत्र मी धार लावून परत देत नाही.

झाड खिळा बाहेर ढकलून देते असा एक समज आहे, आणि तो झाडाबरोबर वर वर सरकत जातो असा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. झाडाची उंची वाढते ती शेंड्यांकडे. खोड फक्त जाड होते, आणि हे जाड होणे सालीच्या लगेच आतल्या जिवंत थरात चालते. त्यामुळे साडेपाच फुटांवर ठोकलेली कडी पन्नास वर्षांनीही साडेपाच फुटांवरच असते. तिच्यावर वर्षागणिक लाकडाचे नवे कडे चढत जाते, आधी डोके बुजते, मग वर साल जुळते, आणि शेवटी एखादा गोल व्रण किंवा हलकासा फुगवटा एवढीच खूण उरते. तीही सरावलेल्या डोळ्याला दिसते. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाने जो निळाकाळा डाग पडतो तो मात्र लाकूड कापल्यावर दिसतो, आणि लोखंडापासून वरखाली बराच लांब पसरलेला असतो. म्हणून कापलेल्या तोंडावर असा डाग दिसला तर पुढचा काप घेण्यापूर्वी थांबावे, हे प्रत्येक करवतवाल्याने मनाशी बांधून ठेवावे.

बावीस वर्षांत खराब साखळ्यांबरोबर लोकांनी माझ्याकडे आणून टाकलेल्या वस्तू मी एका डब्यात जमवल्या आहेत. त्यात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे सर्वांत जास्त आहेत. शिकवणीवर्ग, भाड्याच्या खोल्या, मूळव्याधीचे औषध, सगळ्यांनी झाडालाच फळा केलेले असते. त्याशिवाय रोषणाईच्या माळांसाठी मारलेल्या यू आकाराच्या मेखा, शेताच्या कुंपणाची काटेरी तार, सायकल बांधायची साखळी, झोपाळ्याचा आकडा, उताऱ्याच्या नावाने ठोकलेले लांब खिळे आणि एक अख्खे कुलूपही आहे. लोखंडी संरक्षक जाळ्यांचे प्रकरण तर फारच दुःखद आहे. रोप जगावे म्हणून प्रेमाने बसवलेली जाळी झाड मोठे झाल्यावर कोणी काढत नाही, ती खोडात रुतते आणि झाडाच्या पहिल्या चार फुटांचे लाकूड कायमचे कापण्यापलीकडे जाते. पारावरच्या पिंपळांच्या बुंध्यात विटा आणि सिमेंट सापडते. जुन्या ढोल्या पूर्वी सिमेंटने बुजवत असत. नायलॉनची दोरी धातू नसली तरी तिचे तंतू साखळीच्या चक्रात गुंडाळले जाऊन यंत्र अडकते. वटपौर्णिमेला आपल्या आया-बहिणी वडाला गुंडाळतात ते सूत मात्र कापसाचे असते, ते ऊनपावसात कुजून जाते आणि त्याने ना झाडाला त्रास होतो ना करवतीला. झाडाला काही बांधायचेच असेल तर कशाने बांधावे, हे आपल्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

हेच लोखंड दडलेले खोड पुढे फळ्या चिरणाऱ्या आरा मशीनवर गेले तर धोका आणखी वाढतो, कारण तेथील पट्टा करवतीची ताकद हातयंत्राच्या कित्येक पट असते. १९८७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, क्लोव्हरडेल येथील लाकूड गिरणीत खोडात लपलेल्या मोठ्या खिळ्यावर पट्टा तुटून एक तरुण कामगार भयंकर जखमी झाला. पुढच्याच वर्षी झाडांत असे खिळे ठोकणे हा तेथे केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला. आपल्याकडे खिळे ठोकणाऱ्यांच्या मनात कोणाला इजा करण्याचा हेतू नसतो हे मी जाणतो, परंतु पात्याला हेतू कळत नाही. माझ्या परिचयाचे आरा मशीनवाले शहरातले, विशेषतः रस्त्याकडेचे लाकूड घ्यायलाच कचरतात. त्यामुळे आपल्या गल्लीतल्या पडलेल्या कडुनिंबाच्या चांगल्या फळ्या होण्याऐवजी त्याचे सरपण होते, ही हळहळ वेगळीच.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चाचेही नाहीत. देवळांच्या आणि मॉलच्या दारात असते तसे हातातले धातुशोधक यंत्र तोडणीपूर्वी खोडावरून फिरवले तर वरवरचे खिळे लगेच सापडतात. ते फार खोलवरचे सांगत नाही आणि दगड-सिमेंट त्याला कळत नाही, ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. माणसाने ठोकलेल्या वस्तू बहुधा जमिनीपासून सात-आठ फुटांपर्यंत, म्हणजे हात पोहोचेल तेवढ्यात असतात. म्हणून तेवढ्या भागात कापांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्यासाठी उतरती, जुनी साखळी चढवावी, नवी नव्हे. अग्निशमन आणि बचाव पथकांसाठी कार्बाइडचे दात असलेली साखळी मिळते. ती मळ आणि एखाददुसरा खिळा सोसते, परंतु तिची किंमत कितीतरी जास्त असते आणि तिला धार लावायला हिऱ्याची चकती लागते, त्यामुळे आपल्या लहान ठेकेदारांना ती परवडणारी नाही. लोखंड लागल्यास यंत्र बंद करावे, साखळी पूर्ण फिरवून प्रत्येक दुवा आणि रिव्हेट तपासावा, आणि तडा दिसला तर ती साखळी धार लावायलाही आणू नये. सर्वांत स्वस्त उपाय मात्र विचारण्याचा आहे. झाड तोडण्यापूर्वी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचारावे, की येथे कधी झोपाळा होता का, दोरी होती का, कुंपण होते का. त्या सकाळी मुकादमाने मला विचारले असते तर कदाचित मला आठवले असते. मी होऊन सांगायला हवे होते, ही माझी चूक मी येथे लेखी मान्य करतो.

आपल्या मध्य प्रदेशात २००१ च्या नगरीय क्षेत्रातील वृक्ष परिरक्षण अधिनियमानुसार शहरातील झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जातच एक रकाना वाढवावा, की या झाडात खिळे, तार, जाळी अथवा बांधकाम असल्याचे अर्जदारास ठाऊक आहे काय. माहिती असून लपवली तर साखळीची भरपाई अर्जदाराने द्यावी, आणि माहिती नसेल तर ती कामाच्या खर्चात धरावी. मजुराच्या रोजातून कापू नये, अशी अट तोडणीच्या प्रत्येक ठेक्यात स्पष्ट शब्दांत असावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांवरच्या पाट्या, जाहिराती आणि तारा काढून टाकण्याचे आदेश दिले होते, आणि पुण्यात २०१८ पासून तरुणांनी झाडे खिळेमुक्त करण्याची मोहीम चालवली. इंदूरला हे अशक्य नाही. जे शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रभागी आहे, जेथे ओला आणि सुका कचरा लहान मूलसुद्धा वेगळा टाकते, त्या शहराला झाडांवरचे खिळे उपटणे जड जाऊ नये.

खिळे काढतानाही विवेक हवा. ज्या खिळ्याचे डोके अजून बाहेर आहे तो पकडीने सरळ ओढून काढावा. जो पूर्ण आत गेला आहे त्याच्यासाठी खोड कोरू नये, कारण त्याने झाडाला नवी जखम होते. अशा जागी रंगाचा लहानसा ठिपका द्यावा आणि नोंद ठेवावी. झाडांना क्रमांक द्यायचे असतील तर रंगाने लिहावेत, किंवा मऊ ॲल्युमिनियमचे खिळे वापरावेत, आणि तेही झाडाला जाड व्हायला जागा राहील असे थोडे बाहेर ठेवून. वनसर्वेक्षणात असे खिळे वापरतात ते करवतीला कमी इजा व्हावी म्हणूनच. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजच्या टेकडीवर इंदूरकरांनी एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावली, त्याचा मला अभिमान आहे. त्यांतल्या ज्या रोपांना आधाराची काठी आणि तार बांधली असेल त्यांची तार आता कोणीतरी सैल करायला हवी, कारण रोपाचे खोड मनगटाएवढे झाले की तार सालीत शिरायला सुरुवात होते. तारेऐवजी सुतळी किंवा जुन्या सुती साडीची पट्टी बांधली असेल तर हे कामच उरणार नाही.

आमच्या गल्लीत आता सहा झाडे उरली आहेत. गेल्या दोन रविवारी मी आणि शेजारची चार मुले पक्कड आणि शिडी घेऊन फिरलो, तर त्या सहा झाडांतून सत्त्याहत्तर खिळे निघाले. मुलांनी ते मोजून माझ्या डब्यात टाकले. कोपऱ्यावरच्या गुलमोहोरातली एक मेख मात्र निघत नाही. ती जवळजवळ पूर्ण आत गेली आहे आणि तिच्यावर आम्ही पिवळा ठिपका दिला आहे.

गणेशोत्सव आता तोंडावर आला आहे. मंडपाचे दोर, रोषणाईच्या माळा आणि स्वागताचे फलक यांसाठी येत्या पंधरवड्यात शहरभर हातोडे चालतील, आणि बहुतेक खिळे विसर्जनानंतर झाडातच राहतील. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी यंदा झाडांना खिळ्याऐवजी सुती दोर बांधावा आणि उत्सव संपल्यावर तो सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचावी म्हणून हे पत्र मंडप उभे राहण्यापूर्वी छापण्याची कृपा करावी.

आपला नम्र,
एक वाचक
रामबाग, इंदूर